पोट तेवढं राहिलं

पाळक म्हणून ती पहिलाच बाप्तिस्मा देत होती, आणि चर्चच्या हौदात होते तिचेच बाबा. “घेईन तर लेकीच्याच हातून,” म्हणत ते वर्षानुवर्षं थांबले होते. तिनं त्यांना उताणं करून पाण्याखाली नेलं. बाबा बुडाले, पोट वर राहिलं. “सगळं अंग बुडायला हवं, तरच जुनी पापं गेली म्हणायची,” काठावरून थोरले पाळक म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच. मंडळी हसू दाबू लागली. बाबा ओशाळले. “राहू दे, बाळ. मी असाच बरा.” तिनं पुन्हा पाठीला हात लावताच त्यांनी गाल फुगवले, आणि तिला उमगलं. जन्मभर पोहायला शिकवणारा माणूस. छाती भरून तरंगायला तिलाही त्यांनीच शिकवलेलं. “बाबा, आज उलटं. श्वास सोडा.” बुडबुडे आले, पोट दिसेनासं झालं. वर येताच त्यांनी विचारलं, “पोट गेलं?” “ते आहे तिथंच आहे,” थोरले म्हणाले. “बाकीचं गेलं.”