सात नंबरची भेसळ

"उत्तर मनासारखं आलं नाही, तर काय कराल?" सात्याने विचारलं. डीएनए तपासणीचा फॉर्म भरण्याआधी हा प्रश्न तो प्रत्येकाला विचारायचा.

"मनासारखंच येणार," समोरचे गृहस्थ म्हणाले. पंचवीस-तीस वर्षं ते गावोगावच्या दुकानांना औषधं विकत फिरले होते, बोलण्यात अजून तीच घाई होती. "पोरगी माझी नाही. तेवढं कागदावर द्या."

नऊ वर्षांची पोरगी शेजारीच पाय हलवत बसली होती. तिची आई सही करून दाराशी उभी होती.

"कागद परत करता येत नाही. उद्या मोठी होऊन ती तो वाचेल."

"तुम्ही तुमची काडी फिरवा हो. प्रवचन नको."

सात्याने राग गिळला. "आम्ही डीएनएमधली वीस ठिकाणं बघतो. प्रत्येक ठिकाणी माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. विसाच्या वीस ठिकाणी मुलीचा एक आकडा तुमच्या एकाशी जुळला, तर तुम्ही बाप. चार-पाच ठिकाणी फिसकटलं, तर नाही. इतर अपत्यं?"

"नाहीत."

त्याने लिहून घेतलं. दोघांच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, पाकिटं बंद करून सह्या घेतल्या.

चार दिवसांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं. "मुलीचा नमुना स्वच्छ आहे. गृहस्थांच्या नमुन्यात तू सापडलास."

प्रयोगशाळेत प्रत्येक कर्मचाऱ्याचे आकडे संगणकात ठेवलेले होते. कुणाची शिंक, कुणाची थुंकी नमुन्यात गेली की संगणक त्याचा क्रमांक दाखवायचा. सात्या कर्मचारी क्रमांक सात, म्हणूनच सात्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याने स्वतःचा गाल दिला, तेव्हा बस डेपोत मेकॅनिक असलेले बाबा म्हणाले होते, "नीट सांभाळा म्हणावं. त्यातला अर्धा माल माझा आहे."

"मॅडम, दोन्ही नमुने एकाच खुर्चीत, याच हातांनी घेतले. मग एकच कसा बिघडेल?"

"ते तू सांग. इशारा आला की नमुना रद्द, हा नियम आहे. पुन्हा घे."

दुसऱ्या वेळी त्याने हातमोज्यांवर हातमोजे चढवले, मास्क लावला, काडी फिरवताना श्वाससुद्धा रोखला. गृहस्थ हसले. "मला काय रोग झालाय का?"

पुन्हा क्रमांक सात.

मॅडमनी लेखी ताकीद दिली. तिसऱ्यांदा असं झालं तर नोकरी जाणार होती. त्या संध्याकाळी जेवताना त्याने घरी ताकिदीचं सांगितलं.

"तुझ्या हातून अशी चूक?" बाबा म्हणाले. "आईवर गेलायस तू. तुझ्या जन्माआधी औषधाच्या दुकानात कामाला होती तेव्हा तीही बाटली न् बाटली दोनदा पुसायची. हो ना गं?"

आई ताटं उचलत होती. ती ती घेऊन आत गेली.

तिसऱ्या वेळी नमुना दुसऱ्या सहकाऱ्याने घेतला, दुसऱ्या खोलीत. सात्याला त्या दिवशी सुट्टीच घ्यायला लावली होती.

आठवड्याने मॅडमनी त्याला आत घेऊन दार लावलं.

"मी त्या दिवशी इमारतीतही नव्हतो," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"माहीत आहे. नोकरीची काळजी सोड." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "चूक माझी. संगणक नुसत्या जुळत्या आकड्यांवरून इशारा देतो; तो पाहून मी नमुना रद्द करत गेले, आकडे उघडून पाहिलेच नाहीत. भेसळ असती तर कुठेतरी तिसरा, चौथा आकडा घुसला असता. इथे सगळीकडे दोनच आहेत."

"मग मुलगी?"

"त्यांचीच आहे. विसाच्या वीस." त्यांनी गृहस्थांचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि शेजारी दुसरा. त्यावर लिहिलं होतं, कर्मचारी क्रमांक सात.

सात्याने सवयीने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. दोनांपैकी एक आकडा जुळत होता. दुसऱ्या ओळीतही एक. तिसऱ्या ओळीतही. बोट खाली सरकत गेलं, फिसकटणारी ओळ शोधत, आणि विसाव्या ओळीखाली कोऱ्या कागदावर येऊन थांबलं.

मॅडमनी फाइलमधला फॉर्म काढून त्याच्याकडे फिरवला. 'इतर अपत्यं' या रकान्यापुढे त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: नाहीत.