मुठीखालचा नंबर

लाल दिवा लागला. तिसऱ्यांदा. आता पाच मिनिटं हे पोलादी कपाट कोणाचंही ऐकणार नव्हतं.

"आठ, नऊ, तीन, दोन," इरा पुन्हा पुटपुटली. हातातल्या कागदावर पापांनी काढलेले चार आकडे होते. डाव्या हाताचे, वेडेवाकडे, पण स्पष्ट.

मागे कुलूपवाला कापायचं मशीन घेऊन उभा होता. आजारी मालकाची शस्त्रं ताब्यात घ्यायला शस्त्रांच्या ऑफिसातून आलेली बाई घड्याळ बघत होती. कपाटातल्या सात रिव्हॉल्व्हरांचं इराला काही पडलं नव्हतं. नेताहेत तर नेऊ देत. तिला फक्त तो नंबर खरा निघायला हवा होता.

तिचे पापा, शशिकांत, जर्मनीतल्या एर्लांगेनमधले रिटायर्ड इंजिनियर. खिशात मावतील अशी शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी रिव्हॉल्व्हरं ओळखायची आणि जमवायची, हा त्यांचा नाद. आई होती तोवर कपाळाला हात लावायची. पापा मात्र एकेक हातात घेऊन इराला शिकवायचे. "वर कोरलेल्या नावावर जाऊ नकोस. नाव काय, कोणीही कोरतं. मूठ उघड आणि आतला नंबर बघ." त्यांच्या पहिल्या रिव्हॉल्व्हरचा नंबर हाच कपाटाचा कोड. तो फक्त मालकाला ठाऊक असावा, असा कायदाच आहे.

नऊ दिवसांपूर्वी त्यांना स्ट्रोक आला. बोलणं गेलं, उजवा हात गेला. इरानं कोड विचारला तेव्हा त्यांनी लगेच वहीवर लिहून दिला, आणि तिनं घरी येऊन दाबला तर लाल दिवा. मग तिनं मूर्खासारखं ते डॉक्टरांना सांगितलं. तिथंच सगळं फिसकटलं.

"रोज तोच चुकीचा नंबर," डॉक्टर म्हणाले. "आपण काय लिहितोय ते त्यांना कळत नाही."

आज अकराला निर्णय होता. समज शिल्लक असेल तर रिहॅब. नसेल तर फ्लेगेहाइम, म्हणजे मरेपर्यंत नर्सिंग होम.

आणि पापांना समजत होतं. इराला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. ती "चूक आहे" म्हणाली की ते वहीवर हात आपटायचे, पुन्हा तेच चार आकडे काढायचे आणि तिच्याकडे असं बघायचे की तिला खोलीतून पळून जावंसं वाटायचं. पण डोळ्यांवर कोण डॉक्टर विश्वास ठेवतो?

पाच मिनिटं सरली, पावणेअकरा झाले. कुलूपवाल्यानं चष्मा चढवला आणि मशीन सुरू केलं.

इराला ते बघवेना. ती खिडकीकडे वळली. तिथं सुधाआत्यानं पुण्याहून पाठवलेली दिनदर्शिका लटकत होती. इराला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये द्यायची, आणि वाचायच्या नावानं शून्य. लहानपणी मराठी शाळेत दोनच शनिवार गेली, स्वतःचं नाव लिहायला शिकली, आणि तिसऱ्या शनिवारी तिच्या पोटात दुखायला लागलं. "दोन शनिवार फुकट घालवलेस," असं पापा अजून चिडवायचे.

एका चौकटीत पेन्सिलीनं तिचं नाव लिहिलेलं होतं. दोन अक्षरं. ड्रेस्डेनहून, आपल्या घरून, ती शेवटची आली होती तो दिवस. चौदा तारीख. पापांनी खिचडी करपवली होती आणि दोघांनी ती तशीच खाल्ली होती.

तिनं चौकटीतला छापील आकडा बघितला. अठ्ठ्याण्णव.

अठ्ठ्याण्णव? तिनं आदली चौकट बघितली. त्र्याण्णव. त्याआधी ब्याण्णव. खाली बावीस आणि तेवीस मात्र बरोबर आपल्या जागेवर.

महिन्यात अठ्ठ्याण्णव तारीख कुठून येणार? तो आठ नव्हता, मराठीतला चार होता. तो नऊ नव्हता, एक होता. पापांच्या हातातलं जर्मन गेलं होतं, इंग्रजी गेलं होतं, आणि त्यांचा डावा हात लहानपणी पाटीवर गिरवलेले आकडे काढत होता. नऊ दिवस तो माणूस खरं तेच लिहीत होता आणि त्याची पोटची पोर त्याला खोटं ठरवत होती.

"थांबा," ती म्हणाली. मशीन बंद झालं.

चार. एक. तीन. दोन.

हिरवा दिवा लागला. पुढेच पापांचं पहिलं रिव्हॉल्व्हर होतं. कुत्री मागं लागली तर असावं म्हणून त्या काळी सायकलवाले बाळगायचे तसलं, चिमुकलं. ऑफिसच्या बाईनं मुठीचा स्क्रू काढला आणि आतला नंबर मोठ्यानं वाचला. चार, एक, तीन, दोन.

इरानं हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टरांना सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं.

"आल्झो... असं आहे तर," डॉक्टर म्हणाले, "मग चूक आमची. रिहॅबचं मी आत्ताच लिहितो."

मग नर्सनं फोन पापांच्या कानाला धरला. "पापा, उघडलं," इरा म्हणाली. "तुमचाच नंबर बरोबर होता." पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, आणि मग वहीवर पेनाची खरखर.

"आज त्यांनी वेगळंच काहीतरी लिहिलंय," नर्स म्हणाली. "फोटो पाठवते. दोनच आकडे आहेत. हा कुठला नंबर?"

इरानं फोटो उघडला.

"माझं नाव आहे ते," ती म्हणाली, आणि आपण मराठीत बोललो हे तिचं तिलाच कळलं नाही.