अबॅकसच्या वाटेवरची मगर

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

मे महिना. आमची नात आकांक्षा सकाळी स्केटिंगला, दुपारी अबॅकसला, संध्याकाळी कथकला, आणि पाणीगेटहून अलकापुरीपर्यंत तिला स्कूटरवर नेणारा मी. आणखी एक क्लास बुडला तर उद्यापासून व्हॅन लावीन, असं सुनेने, वसुंधराने, बजावलं होतं. मग माझ्या पाठीमागे बसून गप्पा कोण मारणार? आणि नेमका आज अबॅकस बुडला.

"अगं, विश्वामित्री नदीच्या पुलावर मगर आडवी पडलेली," मी सुनेला म्हटलं. "हॉर्न वाजवला तर तिने जांभई दिली. मागे सिटी बस. वळायला जागा कुठली?"

"बापू, मगर रस्त्यावर येते ती पुरात. आत्ता नदीत गुडघाभर पाणी नाही."

"म्हणून तर बिचारी बाहेर पडली, पाणी शोधायला."

वसुंधराने ऑफिसची पर्स खाली ठेवली आणि लेकीकडे पाहिलं.

 

"मगर नव्हती, मम्मी," आकांक्षा म्हणाली. "बापू कमाटीबागेत बाकावर झोपले होते. मी उठवलं नाही. आम्ही दोघं फार दमलोय."