पालथा गिलास

नंदनवन कॉलनीतल्या वैभवीने आपल्या कादंबरीसाठी प्राचीन युरोपातली एक जमात मनानेच रचली होती: ऱ्हाइनकाठचे, रोमनांनाही न जुमानणारे ओरवेन. घरातलं कोणी गेलं, की ते त्याचा पेला उंबरठ्यावर पालथा ठेवत.

पुरात सगळे ओरवेन बुडतात, हा शेवट तिने लिहायला घेतला आणि रोज दुपारी दारात स्टीलचा एक गिलास पालथा दिसू लागला.

"आई, हे तू ठेवून राहिली का?"

"मी काहून ठेवू वं? मले वाटलं, तुह्यंच काही चालू आहे."

सातव्या गिलासाला वैभवीचा धीर सुटला. तिने शेवट खोडला. आता नावा वेळेवर येतात, सगळे वाचतात. वाचलेल्यांनी वाचवणाऱ्याच्या घरी जेवायला जायचं, अशी एक रीतही तिने हौसेने घातली.

दुसऱ्या दुपारी उंबरठा मोकळा होता. तिला इतकं हलकं वाटलं, की ती पंख्याखाली ताणून झोपली.

जाग आली तेव्हा आई परातभर कणीक मळत होती.

"उठ वं, तुह्ये पाहुणे आले. मे महिन्याच्या उन्हात ओलेचिंब उभे आहेत बिचारे. घरातले सगळे टॉवेल काढ."