टाकी क्रमांक सतरा

“पुन्हा तेच,” सई म्हणाली.

संगणकाच्या पडद्यावर एकच ओळ होती. लायब्ररी सापडत नाही. गणित करायला प्रोग्रॅमला ज्या तयार फाइलीचा आधार लागतो, ती फाइलच मशीनवर नव्हती.

देवदत्त खिडकीपाशी बसले होते. “राहू दे,” ते म्हणाले. “सोमवारी चौकशी आहे. चूक माझी, असं मी लिहून दिलंय.”

“न तपासता कसं लिहून देता, बाबा?”

त्यांनी खिडकीचं दार ओढून घेतलं.

पलूसकडच्या एका वाडीतली सतरा क्रमांकाची पाण्याची टाकी महिन्यापूर्वी एका बाजूनं खचली आणि कोसळली. खाली धुणं धुणारी रंगुबाई जागीच गेली. डिझाइन देवदत्तांचं होतं. तीस वर्षं त्यांच्या सहीवर सांगलीतले लोक डोळे मिटून स्लॅब ओतत आले होते. आता घरातला फोन वाजत नव्हता.

सई पुण्याच्या नोकरीतून आठवडाभराची रजा काढून आली होती. लिनक्स ही संगणकप्रणाली तिला बाबांनीच, कॉलेजच्या सुट्ट्यांत कामाचे आकडे भरून घेता घेता, शिकवली होती. टाकीचे आकडे या मशीनवरच होते, पण त्या प्रोग्रॅमखेरीज ते वाचता येत नव्हते. चौकशीवाले आकड्यांच्या फाइलींची यादी करून गेले होते. यादीतली एकही हलवायची नाही, अशी ताकीद होती.

“लायब्ररी आपोआप जात नाही,” ती म्हणाली. “कुणीतरी पुसलीय. लालासाहेबांचा माणूस आला होता ना इथे?”

लालासाहेब म्हणजे टाकीचे कंत्राटदार.

“आला होता,” देवदत्त म्हणाले.

“एकटा बसला होता मशीनपाशी?”

“आता ते काढून काय उपयोग?”

सईनं ओठ घट्ट मिटले. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं.

दुपारी दारात नाथाजी येऊन उभा राहिला. रंगुबाईचा नवरा. सईनं पुढं केलेल्या खुर्चीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

“भांडाय न्हाई आलो, ताई. सायेब म्हंत्यात, चूक त्येंचीच. पर मला पटंना. त्येंनी टाकीची जागा चारदा येऊन बघितली हुती. आसा मानूस चुकतोय व्हय? कुनाला तरी झाकत्यात.”

“नाथाजी, तुम्ही घरी जा,” देवदत्त म्हणाले.

“थांबा,” सई म्हणाली. “आज कळेल. ज्याची चूक असेल, त्याचं नाव मी तुम्हाला देईन.”

“मग बसतो हितंच.” तो पायरीवर बसला.

सईच्या ऑफिसातल्या निमिषनं सकाळच्या एसटीनं जुन्या लिनक्सची सीडी पाठवली होती. तिनं त्यातली लायब्ररी मशीनवर उतरवली. प्रोग्रॅमनं दुसरी मागितली. तीही गेलेली. ती घातली, तर म्हणे आवृत्ती जुळत नाही. तिनं सीडीवर आणखी मागची शोधली, योग्य जागी ठेवली, मशीनला लायब्रऱ्यांची यादी नव्यानं करायला लावली. चार वाजले. देवदत्तांनी समोरचा चहा घेतला नव्हता.

पाचव्या वेळी पडद्यावर आकडे सरकायला लागले.

“चाललं!”

ती टाकी क्रमांक सतराच्या आकड्यांवरून बोट फिरवत गेली. पायाखालच्या मातीची ताकद. बोट थांबलं. तिनं माती तपासणीचा कागद ओढला. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“बाबा! कागदावर बारा आहे. इथे एकवीस पडलंय. तुमचं गणित बरोबर आहे, आकडाच उलटा भरलाय कुणीतरी!”

तिचे डोळे भरून आले. महिनाभरात पहिल्यांदाच ती हसली.

नाथाजी उंबऱ्यापाशी आला. “कुनी भरला, ताई?”

“नोंद असते प्रत्येक फाइलीला. शेवटी येते.”

“सई, बंद कर ते,” देवदत्त म्हणाले. ते कधी उठून मशीनपाशी आले, तिला कळलंही नव्हतं. “माझं ऐक. माझी सही आहे, मी बघायला हवं होतं. एवढं पुरे.”

“कुणाला वाचवताय तुम्ही?”

त्यांनी बटणाकडे हात नेला. तिनं तो धरून ठेवला आणि शेवटची ओळ वर आणली.

आकडे भरले: सई. मे १९९५.