बायकांची गाडी

"हिच्यासाठी बघतोय," यादवरावांनी नाशिकरोडच्या तिसऱ्या शोरूममध्येही तेच ऐकवलं. बायकांना गिअर जमत नाहीत, क्लच कळत नाही, त्यापेक्षा ही विजेवरची बरी. हिला लायसन्सही लागत नाही असं सेल्समन म्हणाला, तेव्हा तर त्यांचा चेहरा असा खुलला, जणू आधीच्या दोन दुकानांत हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग बायकोच्या गाडीची ट्रायल अर्थातच त्यांनी घेतली. दोनदा घेतली. चाकांपेक्षा त्यांचे पायच रस्त्याला जास्त टेकत होते, पण दोष ब्रेकचा निघाला. आरटीओसारखा इथे कोणी आठचा आकडा काढायला लावत नव्हतं, तेवढंच बरं. ज्योत्स्नाबाई त्यांची पिशवी सांभाळत कडेला उभ्या होत्या.

शेवटी सेल्समनलाच राहवेना. "मॅडम, गाडी तुमची ना? मग तुम्हीही एक राउंड मारा की."

"नको हो, माझ्याकडे लायसन्स आहे," असं म्हणत ज्योत्स्नाबाईंनी झाडाखाली लावलेल्या आपल्या जुन्या, गिअरच्या स्कूटरला किक मारली. "अहो, बसा मागे. चौथं दुकान बंद व्हायच्या आत पोचू."