मागची लिव्हर

"हा चोवीस एचपीचा, तो अठ्ठावीसचा," सेल्समन आमच्या ह्यांनाच सांगत होता. ह्यांना मोठाच हवा होता. मी दोन्ही मिनी ट्रॅक्टरांच्या मागे गेले. घरी ट्रॅक्टरला माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जोडताना हे सीटवर बसून मागचे लोखंडी हात हलवतात आणि मी मागून 'थोडं वर, थोडं खाली' ओरडत पिना घालते. एकदा ह्यांनी ऐकलंच नाही, माझा अंगठा चेंगरला.

चोवीसवाल्याच्या मडगार्डला बाहेरून छोटी लिव्हर होती. दुसऱ्याला नव्हती.

"मागे उभं राहूनच हायड्रॉलिक वर-खाली होतं, काकू."

"रोटाव्हेटर आणा. जोडून बघते."

ह्यांनी सीटवर बसून इंजिन सुरू केलं. मी लिव्हर जराशी दाबली, लोखंडी हात जरासे उतरले. पिना अलगद बसल्या. मग रोटाव्हेटर गुडघाभर उचलला.

"उचलू का?" ह्यांनी सवयीनं, मागे न बघता विचारलं.

"कधीच उचलला," मी म्हटलं. "हाच घ्यायचा."